ताईची गाडी बसते तेव्हा

ज्या वस्तूविरुद्ध तुम्ही आठ पानांचं पत्रक लिहिलं, पदरमोड करून छापलं आणि स्टेशनबाहेर उन्हात उभं राहून वाटलं, तीच वस्तू एका संध्याकाळी तुमच्या दारात येऊन उभी राहिली, तर तुम्ही काय कराल? घाईने उत्तर देऊ नका. मीही दिलं नव्हतं. मी आधी आत जाऊन दार लावून घेतलं होतं.

पत्रकाचं नाव होतं 'रस्ता कुणाच्या बापाचा?' विषय मोठ्या गाड्या. ते २००७ साल होतं, मी तेवीस वर्षांचा होतो आणि अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातला सगळा अन्याय आठ पानांत मावेल अशी माझी खात्री होती. दोष माझा नाही. मी वाचायला शिकलो तोच पत्रकांवर. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. पप्पांच्या कारखान्यातल्या संपाचे, विहारातल्या सभांचे, पाण्याच्या मोर्चांचे. इतर मुलं बालभारतीत 'छगन, कमळ बघ' वाचत होती तेव्हा मी 'बंधू-भगिनींनो, आता गप्प बसायचं नाही' वाचत होतो. पाचवीत 'माझा आवडता प्राणी' या निबंधाच्या शेवटी मी म्हशीच्या वतीने तीन मागण्या केल्या होत्या. बाईंनी दहापैकी चार गुण देऊन त्या फेटाळल्या.

तर पत्रकात मी लिहिलं होतं की अशी गाडी चालवणारा माणूस तुमच्याकडे वरून बघतो. त्याची गाडी उंच असते म्हणून नव्हे, तर तुम्ही खाली आहात हे त्याला रोज बघायचं असतं म्हणून. हे वाक्य मला फार आवडलं होतं. ते मी ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं.

आणि आता दारात उभी असलेली गाडी ताईची होती.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्स शिवायच्या एका कारखान्यात तिने नऊ वर्षं काम केलं. धाग्याच्या रिळांपासून चाळीस मशिनींपर्यंत सगळं तिच्या नजरेखाली असायचं. टेम्पोवाला दांडी मारायला लागला तेव्हा ती टेम्पोही चालवायला शिकली. मग एक दिवस तिने ठरवलं की आपण आता दुसऱ्याच्या पँटी मोजायच्या नाहीत. नऊ वर्षांची शिल्लक घालून तिने कॅम्पातल्या एका दलालाकडून ही जुनी परदेशी गाडी घेतली. चंदेरी, आत कातडी सीटा, आणि बटण दाबलं की अंग उचलून उंच होणारी. बदलापूरच्या पलीकडच्या गावांत लग्न म्हटलं की नवरदेव उंच गाडीतूनच यायला हवा. ताई ती गाडी लग्नांना देणार होती, आणि चालवणार स्वतः.

तिच्या शेठने तिला रागावून पाठवलं नव्हतं. तेच वाईट झालं. तो प्रेमाने म्हणाला होता, "बेटा, एक महीने में वापस आएगी. तेरी कुर्सी खाली रखता हूँ." हे सांगताना ताईचा चेहरा हलला नाही. पण त्या रिकाम्या खुर्चीवर परत जाऊन बसायला लागू नये यासाठी ती काहीही करेल, हे मला आणि पप्पांना कळलं. पहिलं लग्न दहा दिवसांवर होतं. रविवारी. ताईने शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बसली होती.

बसली म्हणजे बंद पडली, असं नव्हे. खरोखर बसली. मागचा भाग जमिनीला टेकत आलेला, पुढचा वर, नजर आभाळाकडे. कुत्रं दारात बसतं तशी. गल्ली गोळा झाली. समोरच्या काकी दात घासत बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, रात्री काही खायला दिलं होतं का. ताईने चावी फिरवली, बटण दाबलं. गाडीने आतून एक सुस्कारा सोडला, वीतभर उठली आणि परत बसली.

मला आतून किती आनंद झाला ते इथे लिहीत नाही, कारण ताई हे वाचणार आहे.

गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने गुडघ्यावर बसून खाली टॉर्च मारला आणि सांगितलं की हे तेलावरचं सस्पेन्शन आहे, पार गंजलंय, सगळं काढून फेकून द्या, मी जीपच्या स्प्रिंगा बसवतो. मग गाडी बसणार नाही. उठणारही नाही, पण बसणार नाही.

पप्पांनी अठ्ठावीस वर्षं हायड्रॉलिक प्रेसवर फिटर म्हणून काम केलं, कारखाना बंद होईपर्यंत. त्यांनी गॅरेजवाल्याला चहा पाजला, वाटेला लावलं, आणि आत येऊन जुना निळा डगला चढवला. तो डगला त्यांनी कारखाना बंद झाल्यापासून घातला नव्हता. ते एवढंच म्हणाले की तेल आहे, दाब आहे, नळी आहे. यात परदेशी काय आहे?

आई तेव्हा गावाला गेली होती. घरात जे पुढे झालं त्याचं कारण तेच, असं ती आजही मानते.

पप्पांचा पहिला नियम असा की जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. वखारीतून लाकडाचे जाड ठोकळे आणले, गाडी त्यांवर टेकवली, हलवून बघितली, मगच ते खाली सरकले. मी टॉर्च धरायला त्यांच्या शेजारी. दहा मिनिटांत दुखणं सापडलं. चेसिसच्या कडेने मागे जाणारी लोखंडी नळी. वरून ती जरा लालसर, एवढंच. पण जिथे ती पट्टीने आवळलेली होती तिथे पट्टीखाली चिखल साचून साचून नळी पार खाल्ली गेली होती. पप्पांनी पट्टी काढून नख लावलं, पापुद्रा सुटला आणि मागून तेल ठिबकलं. दलालाने मग फोनवर कबूल केलं की गाडी आधी समुद्राकाठी कुठेतरी असायची.

पप्पा म्हणाले, गंज दिसतो तिथे नसतो, पट्टीखाली असतो. हे ऐकून मी उताणा पडल्या पडल्या बोलायला लागलो की हे आपल्या समाजाचंच चित्र आहे, वरून रंग, आतून सडलेलं, आणि ज्या पट्टीने आवळलंय तिथेच—

"ही गाडी आहे," पप्पा म्हणाले. "पाना दे."

पुढचे चार दिवस नळीची टोकं सोडवण्यात गेले. नट गंजून नळीशी एकजीव झाले होते. रॉकेल लावायचं, वाट बघायची, जपून फिरवायचं, नट गोल झाला की कानशीने परत कडा पाडायच्या. मी प्रत्येक नटाशी वर्गशत्रूसारखा भिडलो आणि दोन नट तोडले. पप्पांनी मला कानशीवरून पुसायच्या फडक्यावर आणून ठेवलं. जुनी नळी निघाली तेव्हा ती त्यांनी विहारात अस्थी ठेवलेल्या पेटीसारखी दोन्ही हातांत धरली आणि आम्ही ती घेऊन उल्हासनगरला गेलो. शेअर रिक्षात नळी तिघांच्या मांडीवर आडवी. तिसरा प्रवासी अनोळखी होता, त्याने विचारलंही नाही.

कॅम्पात जीन्स धुण्याच्या मोठ्या मशिनींना नळ्या करून देणारा एक म्हातारा सिंधी दुकानदार आहे. पप्पांनी जुनी नळी काउंटरवर ठेवली. त्याने ती बोटांनी चाचपली, पप्पांच्या डगल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साईं, दाब कितना?" त्यानंतर दोन तास ते दोघं जे बोलले त्यात मला काही जागा नव्हती. शेवटी नवी नळी तयार झाली, बिनजोडाची, पोलादी, तिला अकरा वाकणं, दोन्ही तोंडं फुलासारखी उघडलेली. घरी आल्यावर हे ऐकून ताई म्हणाली की पप्पांना तिने तीन वर्षांत एवढं बोलताना पाहिलं नव्हतं.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात 'सोड' हा शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू येतो. पप्पांच्या कारखान्यात प्रेसवर दोघं काम करायचे, तेव्हा एक जण 'धर' म्हणाला की झडप आवळायची, 'सोड' म्हणाला की दाब सोडायचा. तीच भाषा त्यांनी घरी आणली. पण घरी त्याला आणखी एक अर्थ आला. मी जेवताना, आंघोळीला जाताना किंवा पाहुण्यांसमोर बोलायला लागलो, आणि बोलणं सरकारपर्यंत पोचलं, की पप्पा मान वर न करता म्हणतात, "सोड." म्हणजे, पुरे कर.

शनिवारी सकाळी नवी नळी बसली होती. उरलं होतं तेल भरणं आणि आतली हवा काढणं. दलालाने गाडीबरोबर त्या खास तेलाचे दोन बंद डबे दिले होते. ते दोन्ही बोनेटखालच्या तेलाच्या टाकीत ओतले. ठोकळे काढले, गाडी चाकांवर आली, खाली कुणी जायचं नाही हा हुकूम. ताई सीटवर, इंजिन सुरू, बोट बटणावर. पप्पा पुढे टाकीजवळ तेलाची पातळी बघत. मी मागच्या चाकाशी बाहेरच्या बाजूला उकिडवा, हातात पाना. चाकामागे एक छोटा नट, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. पप्पा 'सोड' म्हणाले की पाव फेरा उलटा फिरवायचा, बुडबुडे येतात, 'धर' म्हणाले की आवळायचं. चार वेळा झालं. गाडी हळूहळू उठत होती. ती उठताना बघून मला काय वाटलं ते मी कुणाला बोललो नाही, पण मी हसत होतो.

तेवढ्यात काकी कपडे वाळत घालायला आल्या. दुसऱ्या दिवशी विहारात जायचं म्हणून पांढरी साडी. आमच्या गल्लीत दोरी एका घरापासून समोरच्या घरापर्यंत असते. दोरीवर साडी पसरता पसरता त्यांनी सहज विचारलं, काय रे, तू तर अशा गाड्यांच्या विरोधात होतास ना?

प्रश्न सरळ होता. मी उत्तर द्यायला लागलो. म्हणालो की वस्तू आणि मालकी यांत फरक करायला हवा. श्रमिकाच्या हातात आलेलं साधन आणि भांडवलदाराच्या हातात असलेलं साधन ही एकच गोष्ट नाही. मी पान्याने हवेत रेघ ओढून हा फरक दाखवत होतो. सरकार अजून आलं नव्हतं, पण जवळ होतं.

पुढून पप्पांचा आवाज आला. "सोड."

आपण कामात हयगय करताना पकडलो गेलो, असं वाटून मी पाना नटावर घातला आणि पाव नव्हे, दीड फेरा फिरवला.

पुढे काय झालं ते फार लवकर झालं. नळी उडाली. तेलाची एक धार निघाली, सरळ, पिवळी, माझ्या कानाजवळून. गाडीने मागचे पाय दुमडले आणि ती परत कुत्र्यासारखी बसली. धार कमी होत होत थांबली तेव्हा काकींच्या साडीवर काठापासून पदरापर्यंत एक तिरका पट्टा होता आणि गटारात तेल वाहत होतं. ताईचं बोट अजून बटणावर होतं.

काकी साडीकडे बघत म्हणाल्या, "भाषण सोडायला सांगितलं होतं रे त्यांनी. तेल नाही."

तेल संपलं होतं. मुंबईच्या दुकानाने फोनवर मंगळवार सांगितला. मी म्हणालो की प्रेसला घालतात ते हायड्रॉलिक तेल घालू, अंबरनाथमध्ये हवं तेवढं मिळेल. पप्पा म्हणाले, आतलं रबर फुगेल आणि महिन्यात सगळं परत उघडावं लागेल, आपण फसवून काम करत नाही. ताई गाडीतून उतरली, पायरीवर बसली आणि तिने ओढणीने हात पुसायला सुरुवात केली. हात स्वच्छ होते. ती पुसत राहिली. मला पहिल्यांदाच वाटलं की कुणीतरी माझ्याविरुद्ध पत्रक काढावं.

पुसता पुसताच ती म्हणाली की दलाल सांगत होता, उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत अशा दोनच गाड्या आहेत. दुसरी बदलापूरच्या एका जुन्या शेतकरी घराण्यातल्या माणसाकडे आहे. त्यांच्या भातशेतीवर आता इमारती आहेत. त्याच्याकडे तेल असेल.

त्याचं घर मला माहीत होतं. त्याच्या फाटकात मी स्वतः पत्रक खोचलं होतं. हे मला सांगावं लागलं. पप्पांनी फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, मग तुला पत्ता विचारावा लागणार नाही. जा.

मी गेलो. तो माणूस साठीचा, लुंगी-बनियनवर, ओटीवर झोपाळ्यात बसला होता. मी कोण, कुठून आलो, सगळं सांगितलं, पत्रकाचं सोडून. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तो गारीचा कागूद लिवनारा तूच ना रं?" माझा फोटो पत्रकाच्या शेवटच्या पानावर होता. तो छापायचा आग्रह माझाच होता.

तो उठला आणि मला मागच्या पडवीत घेऊन गेला. तिथे ताईच्या गाडीची सख्खी बहीण होती. चारही पायांवर बसलेली, पोट भुईला टेकलेलं, टपावर भाताचं तूस. खाली कोंबड्यांची वस्ती होती. दोन वर्षांपूर्वी बसली ती बसलीच, गॅरेजवाले हात लावायला तयार नव्हते. त्याने दार उघडलं आणि मला चालवणाऱ्याच्या जागी बसवलं.

"तू लिवलास, गारीवाला वरशी बघतो," तो म्हणाला. "आता बस न सांग मना, कुठशी बघतो?"

मी समोर बघितलं. बोनेटवर एक कोंबडी बसली होती. ती माझ्याकडे वरून बघत होती.

त्याने तेलाचे दोन डबे दिले. बदल्यात दोन गोष्टी मागितल्या. एक, माझ्या बापाने येऊन ही गाडी उठवावी. दुसरी, पत्रकाच्या दहा प्रती. त्याला भावांना वाटायच्या होत्या, कारण त्यांच्या गाड्या अजून बसल्या नव्हत्या.

मी डबे उराशी धरून परतलो. पप्पांनी जाहीर केलं की आजपासून कामाच्या वेळी 'उघड' आणि 'बंद' हेच शब्द चालतील. काकी खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या आणि मी तोंड उघडलं की नुसतं बोट वर करायच्या. दुपारी तीनपर्यंत हवा निघाली. ताईने बटण दाबलं. गाडी मागून उठली, मग पुढून, जरा थांबली आणि आणखी चार बोटं वर गेली. पप्पांनी मडगार्डवर खडूने खूण केली, पट्टीने मोजलं, आणि तास-तासाने मोजत राहिले. रविवारी सकाळी तोंडात मशेरी घेऊन ते बाहेर गेले, वाकले, आणि परत आत येऊन म्हणाले, जागची हललेली नाही.

लग्नाला ताईबरोबर मी गेलो. गाडी फुलांनी मढवली, नवरदेव बसला, बँड लागला, आणि मग वराचा मामा माझ्याजवळ येऊन म्हणाला, चला, घ्या गाडी. मी म्हणालो मला चालवता येत नाही. तो म्हणाला, मग ड्रायव्हर कुठाय? ताई चावी हातात घेऊन त्याच्यापुढेच उभी होती. दिवसभर हेच. वराच्या आत्याने विचारलं, बँडवाल्याने विचारलं, भटजींनी विचारलं. ताई प्रत्येकाला सांगायची, मीच. ते मान हलवायचे आणि परत माझ्याकडे बघायचे. गाडी मात्र वराच्या आणि वधूच्या, दोन्ही गावांच्या खड्ड्यांतून राजासारखी गेली आणि एकदाही बसली नाही.

जेवणाच्या वेळी एका माणसाने भरलेलं ताट आणून बोनेटवर ठेवलं आणि तो शेजारी उभा राहिला. ड्रायव्हर येईपर्यंत माश्या वारत होता. त्याचा हेतू चांगला होता. मी मोठा श्वास घेतला. दोन परिच्छेद तयार होते. ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं, पुढे होऊन ताट उचललं आणि उभ्या उभ्या जेवायला लागली.

"ताई, ते डायवरचं हाय," तो माणूस म्हणाला.

"हो," ताई म्हणाली. घास गिळून तिने विचारलं, "लोणचं आहे?"

त्याच मांडवातून तिला पुढची दोन लग्नं मिळाली. सोमवारी ती कॅम्प तीनला गेली, कपाटाच्या चाव्या तिच्याकडेच राहिल्या होत्या त्या परत केल्या, शेठबरोबर चहा घेतला आणि ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या असं सांगून आली. पप्पा निळा डगला घालून बदलापूरला गेले. त्यांना आधी कोंबड्यांना हलवावं लागलं, आणि त्यात नळी बदलण्यापेक्षा जास्त दिवस गेले.

तुम्हाला एवढंच मागतो. या लग्नसराईत तुमच्या दारात गाडी येईल आणि ती बाई चालवत असेल, तर तिच्या मागे, शेजारी किंवा डिकीत पुरुष शोधू नका. कुठे जायचं ते तिला सांगा. आणि जेवायची वेळ झाली की ताट बोनेटवर ठेवू नका. तिच्या हातात द्या, लोणच्यासकट.